धनुर्वाताचं इंजेक्शन आणि दादाची गाठ

पत्र: माझा मोठा भाऊ ५१ वर्षांचा, हायस्कूलमध्ये शिक्षक. फेब्रुवारीत वर्गातच फिट आली. एमआरआय, ऑपरेशन, आणि बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर), ग्रेड ४. रेडिएशन संपलं, आता केमोच्या गोळ्यांची दुसरी फेरी चालू आहे. आमच्या आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला: अमेरिकेत कॅन्सरच्या लशीला बॅक्टेरियाच्या पेप्टाइडची जोड दिली की ती जोरात चालते, आणि मेंदूच्या गाठीच्या पेशंटना आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तर ते जास्त जगले. आमचे गल्लीतले डॉक्टर म्हणतात, टीटीने काही बिघडत नाही, महिन्याला एक देत जाऊ. शहरातल्या एका सेंटरने ‘बॅक्टेरियल पेप्टाइड बूस्टर’सकट लशीच्या सहा डोसचे आठ लाख सांगितलेत. एक एकर विकावं असं माझं म्हणणं, पण वहिनी ऐकत नाही. म्हणते, पोरीचं शिक्षण व्हायचंय. तिचं चुकतंय ना? निदान टीटी तरी चालू करू का?
— एक बहीण, वाळवा तालुका

उत्तर: ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. दर महिन्याला टीटी देऊ नका. आठ लाख भरू नका, ‘जागा अडवायला’ म्हणून मागतात तो ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका. आणि नाही, वहिनींचं चुकत नाही.

आतेभावाचा व्हिडिओ निव्वळ थापा असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याशी वाद घालताना आपलीच दमछाक होते. म्हणून जरा बैजवार सांगते. तुमच्या गावात हे कोणी ना कोणी पुन्हा काढणारच आहे.

कॅन्सरच्या लशीचं रडगाणं जुनं आहे. गोवराचा विषाणू बाहेरून आलेला, त्यामुळे शरीर त्याला लगेच परका म्हणून ओळखतं. गाठीतली पेशी आपल्याच घरात जन्मलेली आणि बिघडलेली. तिच्या अंगावरची एखादी खूण, म्हणजे प्रथिनाचा जेमतेम नऊ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा (यालाच पेप्टाइड म्हणायचं), वेगळी काढून टोचली तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. शरीराच्या लेखी ते घरचंच माणूस. रक्तात टी पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी असतात; त्यातल्या मारक टी पेशी गाठीवर तुटून पडतात, पण त्या सहसा आपल्या मनाने उठत नाहीत. त्यांना उठवायला मदतनीस टी पेशी लागतात, आणि घरच्या माणसाविरुद्ध तक्रार घेऊन येणारे मदतनीस फारसे सापडत नाहीत.

इथे धनुर्वात उपयोगी पडतो. तुम्हाला-मला लहानपणी त्रिगुणी लस टोचलेली असते, पुढे शाळेत सुई, बायकांना गरोदरपणात, आणि गंजका खिळा लागला की दवाखान्यात. त्यामुळे धनुर्वाताच्या विषाला ओळखणाऱ्या मदतनीस पेशी आपल्या अंगात आयत्याच असतात.

आता नाकाबंदीवरचा हवालदार डोळ्यांपुढे आणा. साध्या कपड्यातला एक अनोळखी माणूस मोटरसायकलवरून गेला तर हवालदार त्याच्याकडे मान वर करूनही बघणार नाही. पण तोच माणूस तालुक्यातल्या तडीपार गुंडाच्या मागे डबलसीट बसून आला, तर दोघांनाही खाली उतरवून झडती होते. लशीत कॅन्सरच्या खुणेला जीवाणूचा तुकडा जोडतात तो यासाठी. शरीरात डेंड्रिटिक नावाच्या पेशी असतात. त्या सापडलेले तुकडे अंगावर मांडून टी पेशींना दाखवत फिरतात. एकाच डेंड्रिटिक पेशीवर धनुर्वाताचा तुकडा आणि कॅन्सरचा तुकडा असे दोन्ही असले, तर पहिल्याला बघून मदतनीस पेशी खवळतात, डेंड्रिटिक पेशीला जागं करतात, आणि त्या गडबडीत दुसऱ्या तुकड्यासाठीही मारक पेशी तयार होतात. दोघं एकाच गाडीवर पाहिजेत, ही अट विसरू नका. तुमच्या टीटीच्या प्रश्नाचं उत्तर या अटीतच आहे.

तुकडा म्हणजे किती, तेही सांगते, कारण ‘बॅक्टेरिया टोचतात’ म्हटलं की माणसं दचकतात. धनुर्वाताचं विष म्हणजे अमिनो आम्लांच्या १३१५ मण्यांची माळ. त्यातले ८३० ते ८४४ एवढे पंधराच मणी लागतात. प्रत्येक माणसाच्या पेशींवर हे तुकडे मांडायची तबकं वेगवेगळ्या घडणीची असतात, म्हणून एकाला चालणारा तुकडा दुसऱ्याच्या तबकात बसत नाही. हा पंधरा मण्यांचा तुकडा मात्र बऱ्याच जणांच्या तबकात बसतो, हे १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हापासून प्रायोगिक लशी करणाऱ्यांचा तो आवडता मसाला झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरच्या लशीत तो वापरला. तुकडा यंत्रात जोडून बनवतात. त्यात ना जिवंत जंतू, ना विष.

व्हिडिओतल्या मेंदूच्या गाठीच्या प्रयोगात हा तुकडा नव्हता, पण तो प्रयोग जवळचाच आहे. तो ड्यूक विद्यापीठातला, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातला, २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटच्या रक्तातून त्याच्याच डेंड्रिटिक पेशी वाढवल्या. या गाठींमध्ये सीएमव्ही नावाच्या एका विषाणूच्या खुणा सापडतात असं काही संशोधकांचं म्हणणं, ती खूण त्या पेशींना शिकवली आणि त्या परत टोचल्या. अडचण अशी होती की टोचलेल्या पेशींपैकी फार थोड्या जवळच्या लसिका गाठीपर्यंत (ही कॅन्सरची गाठ नव्हे, टी पेशींचा नेहमीचा अड्डा) पोचतात, आणि तिथे पोचल्याशिवाय त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून निम्म्या पेशंटना लस टोचायच्या जागी, आदल्या दिवशी, टीडीचा म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचा थोडा डोस दिला. ती जागा खवळली, लसिका गाठीची वाट मोकळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी टोचलेल्या पेशी जास्त संख्येने तिथे गेल्या. टीडी मिळालेल्यांपैकी काही जण गाठ न वाढता तीन वर्षांहून जास्त राहिले. या आजारात ही मोठी गोष्ट आहे, आणि वाचून माझेही डोळे चमकले होते.

पेशंट किती होते? एकूण बारा. दोन्ही गट मिळून.

बारा जणांवरून शास्त्रज्ञाने पुढचा प्रयोग आखावा. त्यावरून जमीन विकू नये.

आता तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं टीटी. (हल्ली बाटलीत बहुधा टीडीच असतं, पण आपण सगळे टीटीच म्हणतो.) दादांच्या अंगात कॅन्सरची लसच गेलेली नाही. म्हणजे गुंड एकटाच गाडी हाकतोय, मागच्या सीटवर कोणीही नाही. मदतनीस पेशी खवळतील त्या धनुर्वातावर, आणि दादांच्या मेंदूतल्या गाठीवर धनुर्वाताची कसलीही खूण नाही. शिवाय मेंदूची सूज उतरवायला त्यांना डेक्सामेथासोन चालू असेल तर ते स्टेरॉइड टी पेशींना झोपवून ठेवतं, आणि केमोच्या गोळ्या त्याच पेशींची संख्या कमी करतात. ही दोन्ही औषधं गरजेची आहेत. ‘इम्युनिटी वाढावी’ म्हणून ती परस्पर बंद करायचा विचारही नको. स्टेरॉइड एकदम तोडल्यामुळे पेशंट रात्रीतून बेशुद्ध होऊन आलेले मी पाहिलेत.

‘काही बिघडत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. धनुर्वाताची लस एरवी दहा वर्षांनी एकदा पुरते. दर महिन्याला टोचली तर दंड सुजतो, लाल होतो, ताप येतो. आणि केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला की तो संसर्गाचाच धरून रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठावं लागतं. फिट येणाऱ्या माणसाला ताप चढवून ठेवणं मला तरी पटत नाही. जखम झाली, खिळा लागला, तर त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून खुशाल घ्या. ते वेगळं.

सेंटरवाल्यांच्या ‘बॅक्टेरियल पेप्टाइड बूस्टर’कडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती ते लोक तुम्हाला सांगणार नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी एका मोठ्या कंपनीने लस बनवली होती. कॅन्सरची खूण होती मेज-ए३. तिला एका जीवाणूचं, हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचं, ‘डी’ नावाचं प्रथिन जोडलं. वर चेतवायला दिलेल्या मिश्रणात साल्मोनेलाच्या आवरणातून काढून सौम्य केलेला पदार्थ, आणि जीवाणूच्या डीएनएची नक्कल. म्हणजे जीवाणूंची मदत घ्यायची तेवढी सगळी घेतलेली. सुरुवातीच्या लहान प्रयोगांत चित्र आशादायक होतं. मग १३,८४९ पेशंट तपासून त्यातल्या २,२७२ जणांना लस किंवा तुलनेसाठी खोटी लस (आत औषध नसलेली) दिली. आजार न परतता गेलेला काळ लशीच्या गटात साडेसाठ महिने आणि खोट्या लशीच्या गटात सुमारे ५८. आकड्यांच्या हिशोबात फरक शून्य. २०१४ मध्ये तो सगळा उद्योग गुंडाळावा लागला.

मदतनीस पेशी नीट उठल्या, रक्तात प्रतिपिंडं भरपूर दिसली, आणि माणसाला फायदा झाला नाही, असं होऊ शकतं. सेंटरवाला जेव्हा म्हणतो ना, ‘आमच्या लशीनंतर इम्युनिटीचे आकडे वाढलेले रिपोर्टमध्ये दिसतात’, तेव्हा त्या २,२७२ जणांची आठवण ठेवा.

पण तेवढ्यावरून मी या विज्ञानाला भोंदू म्हणत नाही. मूळ कल्पना तर शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये गाठीच्या पेशंटला मुद्दाम जीवाणू टोचले, आणि काहींच्या गाठी विरघळल्याही. अलीकडे एका फ्रेंच कंपनीने गाठीवरच्या खुणांशी चेहरेपट्टी जुळणारे, आतड्यातल्या जीवाणूंचे तुकडे निवडून ते ग्लायोब्लास्टोमाच्याच पेशंटवर तपासलेत. २०२१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने दाखवलं की मेलानोमाच्या गाठीत जीवाणू दडलेले असतात, आणि गाठीच्या पेशी त्यांचे तुकडे स्वतःच्याच अंगावर मांडतात. चाळीसेक जातींचे तुकडे त्यांना मिळाले. मी पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, पण गाठीच्या पेशीकडे या नजरेने कधी बघितलं नव्हतं. यातून पुढे काहीतरी निघेल असं मला मनापासून वाटतं. दादांच्या वेळेत निघेल का, हे मात्र मी खोटं बोलून सांगणार नाही.

ग्रुपवर कोणीतरी ‘मग बीसीजी कॅन्सरवर कशी चालते?’ असंही विचारेल, तेही आत्ताच मिटवते. चालते, पण मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातल्या कॅन्सरवर. नळीने थेट मूत्राशयात सोडतात, आठवड्याला एक अशी सहा वेळा. १९७६ पासूनची माहिती आहे आणि पुण्यात ती लस बनतेही. जीवाणू तिथे गाठीला प्रत्यक्ष जाऊन भिडतो. दंडात बीसीजी टोचून मेंदूतल्या गाठीवर तो परिणाम होत नाही.

आता आठ लाख. सेंटरमध्ये जायचंच झालं तर पैसे न नेता जा आणि विचारा: ही लस मान्यता मिळालेलं औषध आहे की प्रयोग? मान्यता आहे म्हणाले तर केंद्रीय औषध नियंत्रकांचं पत्र दाखवा म्हणा, आणि त्या पत्रात ग्लायोब्लास्टोमा हा शब्द आहे का ते स्वतः वाचा. प्रयोग आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून आपल्याकडे माणसांवरच्या औषधचाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे, आणि घरी बसून मोबाइलवर ती शोधता येते. आणि खरोखर प्रयोगच असेल, तर पेशंटकडून पैसे कसले? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची नीतितत्त्वं सांगतात की संशोधनाचा खर्च सहभागी माणसाच्या माथी मारायचा नाही. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यायची, असं औषधचाचण्यांचे २०१९ चे सरकारी नियम सांगतात. माहितीपत्रक मराठीत मागा, ते घरी आणून दोन दिवस वाचायचा हक्क तुम्हाला आहे. या प्रश्नांवर समोरच्याचा आवाज चढला किंवा ‘आज बुक केलं तर सवलत’ अशी भाषा आली, तर खुर्ची मागे सरकवा आणि एसटी पकडा.

हातात वेळ आणि ताकद आहे ती दुसरीकडे लावा. दादांच्या ऑपरेशनच्या हॉस्पिटलमधून गाठीचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, आगपेटीपेक्षाही लहान, मागे नंबर लिहिलेली प्लास्टिकची जाळी. दिसायला काहीच नाही, पण दुसरं मत घ्यायचं, एखादी तपासणी राहून गेली असेल ती करायची, किंवा उद्या खरोखरच कुठल्या चाचणीत नाव द्यायचं, तर बहुधा पहिल्यांदा हाच मागतात. पिशवीत घालून, नावाची चिठ्ठी लावून, घरात थंड जागी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको. एका कुटुंबाने तो मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये ठेवला, आणि माझ्या टेबलावर आला तेव्हा मेण वितळून तुकडा एका कोपऱ्याला चिकटला होता. कसाबसा वाचवला.

एमजीएमटी ही तपासणी झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. केमोच्या गोळ्या कितपत लागू पडतील याचा अंदाज त्यावरून येतो. मग ब्लॉक, एमआरआयची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन एकदा परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवून या. मेंदूच्या गाठींचे डॉक्टर तिथे एकत्र बसून केस बघतात, आणि चालू असलेली एखादी खरी चाचणी दादांना लागू पडत असेल तर ती त्यांच्याच तोंडून कळेल. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, जायच्या आधी चौकशी करा. या सगळ्याचा खर्च एक एकराच्या आसपाससुद्धा जात नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आतेभाऊ बोलतो, गल्लीतले डॉक्टर बोलतात, सेंटरवाला बोलतो, वहिनी बोलतात, तुम्ही बोलता. दादा एकदाही बोलत नाहीत. माणूस शिक्षक आहे, आणि दुसरी फेरी घेतोय म्हणजे शुद्धीवर आहे, समजून घेऊ शकतो. त्यांना लस हवी आहे का, मुंबईचा प्रवास झेपेल असं वाटतं का, जमिनीचं काय करावं असं वाटतं, हे कोणी विचारलंय? की ‘त्याला टेन्शन नको’ म्हणून सगळी चर्चा ओसरीवर आणि तो आत पलंगावर? या आजारात पुढे बोलणं अडखळू शकतं, शब्द सापडेनासे होतात. विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या.

जाताना वहिनींनाही बरोबर घ्या. इतके महिने गोळ्यांचे डबे त्या भरतायत, फिट आली तेव्हा रात्री जागल्या त्याच. ‘तू नको म्हणालीस म्हणून’ हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा बाहेर पडलं तर ते त्या घरात कायमचं राहील. ते अजून बोलला नसाल तर बोलू नका. बोलून गेला असाल तर मुंबईच्या गाडीत बसण्याआधी तेवढं मागे घ्या.

टाटामध्ये काय सांगितलं ते मला कळवा. कागद वाचून काही अडलं, तर पुढच्या पत्रात एमआरआयच्या रिपोर्टमधल्या शेवटच्या चार ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवा.